जिथे कोणीच रस्ता ओलांडत नाही

आमच्या भागातले रस्ते सुरक्षित कसे करायचे यासाठी रहिवाशांची सभा होती. सभेच्या खोलीत भिंतीवर भागाचा नकाशा लावला होता. चांगला मोठा, घरं करड्या रंगात, रस्ते पांढरे. शेजारच्या टेबलावर लाल टिकल्यांचे कागद. रस्ता ओलांडताना जिथे भीती वाटते तिथे प्रत्येकाने एक टिकली लावायची, एवढंच काम होतं. लोक येत होते, आधी नकाशावर आपलं घर शोधत होते, ते सापडलं की शेजाऱ्याला दाखवत होते आणि मग टिकली लावत होते. बहुतेक टिकल्या मोठ्या चौकात पडल्या. तिथे लाल पुंजका तयार झाला तेव्हा आलेल्या अभियंत्यांनी समाधानाने मान हलवली, कारण त्यांच्या आराखड्यातही पहिलं काम त्याच चौकाचं होतं. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी आईच्या मागे उभी होती. टिकली तिच्या बोटाच्या टोकाला चिकटलेली. ती बराच वेळ नुसती बघत राहिली, मग पुढे झाली आणि तिने ती टिकली शाळेच्या मागच्या रस्त्यावर, वळणाच्या जरा अलीकडे लावली. तिथे दुसरी एकही टिकली नव्हती. अभियंते मनाने भले. खाली वाकून त्यांनी विचारलं, "बाळा, इथे का? इथे तर एकाही अपघाताची नोंद नाही." ती म्हणाली, "तिथे कोणी जातच नाही ना, काका. आम्ही पलीकडून फिरून जातो."

तेवढ्यात मागच्या माणसाने टिकल्यांचा कागद मागितला आणि ते बोलणं तिथेच राहिलं. सभा पुढे चालू झाली, गतिरोधक किती आणि कुठे यावर आवाज चढले, चहाच्या वेळी पुन्हा उतरले. घरी आले तरी माझ्या डोक्यात त्या मुलीचं वाक्य होतं. अपघाताची नोंद नाही, म्हणजे रस्ता सुरक्षित आहे, असं आपण किती सहज धरून चालतो. ज्या रस्त्यावर माणसं येणंच सोडून देतात तिथे अपघात होणार तरी कोणाला? आणि आपण फिरून जातो आहोत, याची नोंद कोण करतं? पोलिसांच्या वहीत धडक लिहिली जाते. हॉस्पिटलच्या कागदावर मोडलेलं हाड लिहिलं जातं. मुलाने रोज पाच मिनिटं जास्त चालून टाळलेलं वळण कुठेच लिहिलं जात नाही.

ही गोष्ट मोजायचा एक प्रयत्न इंग्लंडमध्ये झाला होता. मेयर हिलमन या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळेत एकट्याने जाणाऱ्या मुलांची पाहणी केली आणि तिची वीसेक वर्षांपूर्वीच्या पाहणीशी तुलना केली. १९७१ साली सात-आठ वर्षांची १०० पैकी ८० मुलं मोठ्या माणसाशिवाय शाळेत जात होती. १९९० साली ती ९ उरली. त्याच काळात रस्त्यावर मरणाऱ्या मुलांचा आकडा खाली आला होता, आणि रस्ते सुरक्षित होत असल्याचं सांगितलं जात होतं. हिलमन यांचं म्हणणं होतं की रस्ते सुरक्षित झालेले नाहीत, मुलं रस्त्यावरून उचलून घरात ठेवली गेली आहेत. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला ते आकडे परदेशातले, जुने वाटले होते. नकाशावरच्या त्या एकट्या टिकलीनंतर ते तसे वाटत नाहीत. घरोघरी आईवडील रोज हाच निर्णय घेत असतात. प्रत्येक घराला तो आपला खाजगी निर्णय वाटतो आणि सगळ्या घरांचा मिळून एक रिकामा रस्ता तयार होतो. रिकामा रस्ता दिसला की गाडी चालवणाऱ्याचा पाय आपोआप खाली दाबला जातो.

माझ्या लहानपणी आजी संध्याकाळी दाराच्या पायरीवर बसायची. तिला नीट दिसत नव्हतं, पण आवाजावरून ती रस्ता ओळखायची. सायकलची साखळी, चपलेचा घासत येणारा आवाज, गल्लीच्या तोंडाशी गियर बदलणारी गाडी. गाडी वळली की ती आम्हाला नुसती हाक मारायची, आम्ही खेळ थांबवून भिंतीला लागायचो, गाडी हळूच निघून जायची आणि चेंडू पुन्हा रस्त्याच्या मधोमध यायचा. गाडी चालवणारा काच खाली करून कोणाला तरी काही विचारायचा, कारण तेवढा वेळ त्याच्याकडे होता. पुढे पुढे आवाजच वेगळे येऊ लागले. गियर बदलल्याचा आवाज येईना, एक सलग घोंघाट यायचा आणि संपायचा. आजीची हाक उशिरा पडू लागली. तिने पायरीवर बसणं कधी बंद केलं ते मला आठवत नाही. कोणीच तिला उठ म्हणालं नव्हतं. धूळ येते, आवाज होतो, आत बसते, असं काहीतरी ती म्हणाली असावी. आम्ही चेंडू घेऊन गच्चीवर गेलो. या सगळ्याची बातमी होण्यासारखं काही घडलं नव्हतं.

डोनाल्ड ॲपलयार्ड नावाच्या नगररचनाकाराने नेमकं हेच पकडलं होतं. १९६९ च्या सुमारास त्याने सॅन फ्रान्सिस्कोमधले दिसायला एकसारखे तीन रस्ते घेतले. एकावरून दिवसाला साधारण २,००० गाड्या जात, दुसऱ्यावरून ८,०००, तिसऱ्यावरून १६,०००. त्याने माणसांना विचारलं, या रस्त्यावर तुमचे मित्र किती? कमी वर्दळीच्या रस्त्यावर माणशी सरासरी तीन मित्र निघाले, जास्त वर्दळीच्या रस्त्यावर एकही धड नाही, ०.९. मला त्याहून जवळचा वाटतो तो त्याचा दुसरा प्रश्न. त्याने लोकांना नकाशावर दाखवायला सांगितलं की तुमचं घर कुठपासून कुठपर्यंत आहे. शांत रस्त्यावरच्या माणसांनी अख्खा रस्ता आपला म्हणून दाखवला. गजबजलेल्या रस्त्यावरच्या माणसांची हद्द आपल्या इमारतीपाशी थांबली, काहींची आपल्या खोल्यांच्या भिंतीपाशी. काही घरांत तर रस्त्याकडची खोलीच वापरातून गेली होती. १९८२ साली अथेन्समध्ये भरधाव गाडीच्या धडकेने ॲपलयार्डचा मृत्यू झाला.

माणसं माघार घेतात, आणि शांतपणे घेतात. रस्त्याची आखणी करताना रहिवाशांना विचारायचं ते या माघारीसाठी, असं मला आता ठामपणे वाटतं. गाड्यांची संख्या रस्त्यावर आडवी रबरी नळी टाकून मोजता येते. वेगही मोजता येतो. शंभरातल्या ८५ गाड्या ज्या वेगाच्या आत असतात तो आकडा काढतात आणि त्यावरून रस्ता कसा वापरला जातो ते ठरवतात. पण त्या आकड्यात फक्त रस्त्यावर असलेल्यांचा हिशेब येतो. जे रस्त्यावरून निघून गेले त्यांना विचारल्याशिवाय दुसरा मार्ग नाही, आणि तेही स्वतःहून सांगायला येत नाहीत, कारण फिरून जाण्याची सवय झाली की ती तक्रार राहत नाही.

हॉलंडमध्ये एक पिढी मात्र माघार घ्यायला नाही म्हणाली. १९७१ साली त्या छोट्या देशात रस्त्यावर ३,२०० हून अधिक माणसं मेली, त्यात ४०० हून अधिक लहान मुलं होती. पुढच्याच वर्षी फिक लांगेनहॉफ या पत्रकाराने, ज्याची स्वतःची मुलगी अशीच गेली होती, वर्तमानपत्रात 'मुलांची हत्या थांबवा' अशा मथळ्याचा लेख लिहिला आणि त्याच नावाची चळवळ उभी राहिली. आयाबाप मुलांना घेऊन रस्त्यावर बसले. रस्ते अडवून तिथे टेबलं मांडून जेवले. त्यांनी नुसती मागणी केली नाही, रस्त्याचे आराखडे मांडले, आणि पुढे ज्यांच्या विरोधात ते बसले होते त्याच यंत्रणेबरोबर काम केलं. त्याच सुमारास डेल्फ्ट शहरात घरांमधले रस्ते वेगळ्या पद्धतीने घडवले जात होते. फुटपाथ आणि रस्ता एका पातळीत, झाडं आणि बाकं मध्येच, सरळ जाण्याची वाट नागमोडी, आणि गाडीने माणसाच्या चालीने जायचं. १९७६ साली त्या रस्त्यांना कायद्यात जागा मिळाली. अशा रस्त्यावर मूल खेळतं आहे हे गाडीवाल्याने गृहीत धरायचं. आमच्या गल्लीत हे काम आजीची हाक करत होती, तिथे ते दगड, झाडं आणि कायदा मिळून करू लागले.

वेग कमी करण्यामागचं गणित अगदी उघड आहे, तरी ते सभेत दरवेळी नव्याने सांगावं लागतं. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी ३० च्या गाडीपेक्षा जवळजवळ पावणेतीन पट जोराने आदळते, कारण धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. चालकाच्या डोळ्यांनी मूल पाहिल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. त्या एका सेकंदात ३० ची गाडी आठ-साडेआठ मीटर पुढे गेलेली असते आणि ५० ची चौदा मीटर. म्हणजे पहिली गाडी थांबत आलेली असते तिथे दुसरीने नुकताच ब्रेक दाबलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे सरासरी वेग १ टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका ४ टक्क्यांनी वाढतो. जगात दरवर्षी जवळपास १२ लाख माणसं रस्त्यावर मरतात, आणि ५ ते २९ या वयात मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. ५ ते २९! आपण कुठल्या आजाराबद्दल हा आकडा ऐकला असता तर सगळी कामं टाकून त्याच्या मागे लागलो असतो.

तरीही गतिरोधक म्हटलं की सभेत दोन तट पडतात, आणि दोन्हीकडे खरं असतं. गतिरोधकाला लागून ज्यांचं घर आहे त्यांना रात्रभर आदळण्याचा आणि पुन्हा वेग घेण्याचा आवाज ऐकावा लागतो. ज्याच्या पाठीचा मणका दुखावलेला आहे त्याला रोज चार उंचवटे म्हणजे रोजची शिक्षा. अँब्युलन्स आणि अग्निशमनाची गाडी प्रत्येक उंचवट्यावर काही सेकंद घालवते. हे सगळं रहिवासी सांगतात म्हणून कळतं, आणि कळलं तर त्यावर उपायही असतात. आर्थर कॉम्प्टन हा नोबेल मिळालेला भौतिकशास्त्रज्ञ सेंट लुइसच्या विद्यापीठाचा प्रमुख असताना १९५३ साली त्याने आवारातल्या गाड्यांसाठी स्वतः उंचवटे आखले होते. इतक्या साध्या वाटणाऱ्या गोष्टीला एवढं डोकं लागतं. अरुंद, टोकदार उंचवटा हळू जाणाऱ्याला जास्त हादरा देतो आणि वेगाने जाणारा त्यावरून चाकाच्या स्प्रिंगवर निभावून नेतो. म्हणून १९७० च्या दशकात ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेत लांबट, कमानीसारखा उंचवटा तयार झाला, साधारण ३.७ मीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच. त्यावर वेग जेवढा जास्त तेवढा हादरा जास्त, सावकाश जाणाऱ्याला तो फारसा जाणवत नाही. मोठ्या गाड्यांसाठी मधे फटी ठेवलेले चौकोनी उंचवटे असतात, अँब्युलन्सची रुंद चाकं दोन्ही बाजूंनी निघून जातात आणि लहान गाडीचं एक तरी चाक वर चढतंच. पण माझं मत विचाराल तर उंचवटा हा शेवटचा उपाय असावा. रस्ता अरुंद करा, कोपऱ्यावरचा फुटपाथ पुढे आणा म्हणजे ओलांडायचं अंतर कमी होईल, सरळसोट रस्त्याला हलकं वळण द्या. रस्ता पाहूनच पाय सैल पडला पाहिजे. हाडांना हादरे देऊन शिकवण्याची वेळ मग कमी येते.

यात एक अवघड गोष्ट आहे आणि ती सभेत कोणालाच आवडत नाही. आतल्या रस्त्यांवर वेगाने जाणारे बरेचदा त्याच भागात राहणारे असतात. आतल्या रस्त्यांवर वेग तपासला गेला तेव्हा अनेक ठिकाणी हा अनुभव आला आहे. शॉर्टकट मारणारे परके असतातच, पण सकाळी उशीर झालेली गाडी आपल्याच दारातून निघते आणि शेजारच्या दारावरून भरधाव जाते. म्हणून आपल्या रस्त्यावर गाड्या फार जोरात जातात असं म्हणणारी माणसं एका खोलीत बसवण्याला फार अर्थ आहे. तिथे समोरासमोर कळतं की ज्या पांढऱ्या गाडीला आपण शिव्या देतो ती खालच्या मजल्यावरच्या काकूंची आहे. ब्रिस्बेनचा डेव्हिड एंगविच्ट आपल्या भागातून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याविरुद्धच्या लढ्यातून या विषयात आला. तो म्हणतो की रहिवाशांनी रस्त्यावरून मनाने जितकी माघार घेतली तितका तिथला वेग वाढतो. रस्त्यावर खुर्ची टाकून बसा, मुलांना खेळू द्या, काहीतरी अनपेक्षित ठेवा, चालक आपोआप सावध होतो. मला हे अर्धं पटतं. वेग आणि माघार एकमेकांना खेचतात हे शंभर टक्के खरं. पण पहिली खुर्ची टाकायला कोणाला सांगायचं? भरधाव रस्त्यावर मुलाला खेळायला पाठवून त्या मुलाच्या भरवशावर वेग उतरवायचा, हे कोणा आईला सांगायची माझी हिंमत नाही. आधी दगड हलले पाहिजेत, मग खुर्च्या.

शेरी अर्नस्टीन या अमेरिकन अभ्यासिकेने १९६९ साली लोकसहभागाची एक शिडी मांडली होती, आठ पायऱ्यांची. सगळ्यात खाली लोकांना गुंडाळणं, मधे माहिती देणं, सल्ला विचारणं, समजूत काढणं, आणि वर गेल्यावर भागीदारी, मग प्रत्यक्ष अधिकार. आजवर पाहिलेल्या बहुतेक सभा मला मधल्या पायऱ्यांवर दिसतात. आराखडा छापून आलेला असतो, रंग भरलेले असतात, झाडांच्या सावल्यासुद्धा काढलेल्या असतात. लोकांना विचारलं जातं, काही सूचना? अशा चित्रासमोर माणूस एक तर गप्प बसतो किंवा सगळंच फाडून काढतो, कारण त्याला करता येण्यासारखं दुसरं काही उरलेलं नसतं. आमच्याकडे नकाशा आणि टिकल्या होत्या हे पुष्कळ बरं. तरीही पहिला चौक आधीच ठरलेला होता, हे अभियंत्यांच्या त्या मान हलवण्यातून मला दिसलं आणि ते खुपलं. टिकल्या पुंजक्याने पडल्या की त्या पुरावा ठरतात, एकटी पडली की अपवाद.

सभेत कोण नव्हतं हे मी मग आठवायला बसले. रात्रपाळी करणारे नव्हते. घरोघर सामान पोचवणारी, दिवसभर त्या रस्त्यांवर असणारी मुलं नव्हती, आणि ती तर वेगाच्या आरोपीच्या पिंजऱ्यात कायमची उभी असतात. चाकाच्या खुर्चीवरचे आजोबा नव्हते, कारण सभा पहिल्या मजल्यावर होती. दृष्टिहीन कोणी नव्हतं, आणि त्यांच्यासाठी नकाशावरच्या लाल टिकलीला काय अर्थ? त्यांना न विचारल्याने काय होतं याची मोठी किंमत युरोपात मोजली गेली आहे. हान्स मोंडरमन या डच अभियंत्याने सिग्नल, पाट्या, पट्टे काढून टाकले आणि चालक व पादचारी एकमेकांच्या डोळ्यांत बघून वाट काढतील असे चौक तयार केले. द्राख्तेन गावातला त्याचा चौक बघायला जगभरातून माणसं आली. कल्पना सुंदर आहे, माणसावर विश्वास ठेवणारी आहे, म्हणून मला ती फार आवडायची. पण ज्याला दिसत नाही तो कोणाच्या डोळ्यांत बघणार? फुटपाथची कड ही त्याच्या काठीला लागणारी खूण असते. ती सपाट केली की त्याच्यासाठी रस्ता आणि फुटपाथ एक होतो आणि तो घरीच राहतो. त्यांच्या संघटनांनी हे वर्षानुवर्षं सांगितलं. शेवटी २०१८ साली ब्रिटिश सरकारला अशा सपाट रस्त्यांच्या नव्या योजना थांबवायला सांगावं लागलं. तो चौक माझ्या मनात अजून सुंदर आहे, आणि तरी आता तिथे काठी घेऊन उभा असलेला माणूस मला दिसतोच.

मग सगळ्यांना विचारायचं आणि बहुमताने ठरवायचं का? इथे माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं. सिॲटलमध्ये घरांमधल्या छोट्या चौकांत गाड्यांचा वेग उतरवणारे हजाराच्या वर गोल कट्टे आहेत. रहिवाशांनी मागायचे, शेजाऱ्यांची संमती गोळा करायची, महापालिका बांधून देते आणि आतली झाडं शेजारी सांभाळतात. ज्या चौकातलं झाड आपण लावलं तिथून माणूस बेदरकार जाणार नाही, हे मला मनापासून पटतं. पण त्याच वेळी विचार येतो, ज्या रस्त्यावर भाड्याने राहणारी, दोन नोकऱ्या करणारी, एकमेकांची भाषा न कळणारी माणसं राहतात तिथे सह्या कोण गोळा करणार? ज्यांना वेळ आहे आणि बोलता येतं त्यांचा रस्ता शांत होतो, आणि तिथून हाकललेल्या गाड्या शेजारच्या गप्प रस्त्यावर जातात. म्हणून एकेका रस्त्याचा विचार करून चालत नाही, पूर्ण भागाचा एकत्र करावा लागतो. आणि मुलाला रस्ता ओलांडता यावा की नाही, यावर मतदान घ्यायचं, ही कल्पनाच मला सहन होत नाही. मतदानाचा हक्क नसलेल्या मुलांच्या जिवाचा निवाडा पार्किंगची जागा जाईल म्हणून नाराज असलेल्या मोठ्यांच्या हाताने करायचा?

न विचारता केलं तर काय होतं तेही दिसलं आहे. बार्सिलोनात २०१६ साली पोब्लेनोउ भागात इमारतींच्या काही चौकोनी गटांचा एक समूह करून त्याच्या आतल्या रस्त्यांवरची वाहतूक बाहेर वळवली गेली. टायर, रंग आणि कुंड्या घेऊन विद्यार्थी उतरले, आणि एका सकाळी लोकांना आपला नेहमीचा रस्ता वेगळाच दिसला. विरोध उसळला. पुढे बदल झाले, बाकं आली, खेळायची जागा आली, आणि पाठीशी उभे राहणारे रहिवासीही पुढे आले. लंडनमध्ये २०२० साली साथीच्या दिवसांत आतले रस्ते कुंड्या ठेवून बंद केले गेले, आधी अंमल आणि मग विचारणा. काही ठिकाणी कुंड्या उलथवल्या गेल्या, काही योजना मागे घ्याव्या लागल्या, आणि ज्या टिकून राहिल्या त्यांच्याही वाट्याला शेजाऱ्याशेजाऱ्यांतली कडवट भांडणं आली. उलट ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराने १९९२ साली मुख्य रस्ते वगळून सगळीकडे ३० ची मर्यादा लावली तेव्हा निम्म्याहून कमी लोक बाजूने होते. अनुभव आल्यावर बहुसंख्य बाजूने झाले. आधी घेतलेलं मत हे भीतीचं मत असतं, ज्या रस्त्यावर आपण अजून चाललोच नाही त्याबद्दलचं.

हे सगळं उलटसुलट करून माझ्यापुरता मी एक निवाडा केला आहे. सुरक्षित हवं की नको, हे विचारायचं नाही. ते देणं आहे, आणि ते प्रशासनाने द्यायचं. कुठे, कसं, कशाच्या बदल्यात, आधी कुठला कोपरा, हे मात्र लोकांना विचारायचं, आणि चित्र रंगवण्याच्या आधी विचारायचं. शक्य तिथे आधी खडू, रंग, शंकू आणि कुंड्यांनी करून बघायचं, कारण कुंडी हलवता येते आणि काँक्रीट हलवायला कोणी तयार होत नाही. करून बघण्याची मुदत सगळ्यांना आधीच सांगायची, म्हणजे विरोध करणाऱ्यालाही आपलं म्हणणं संपलं असं वाटत नाही.

पुढच्या बैठकीत मी शाळेच्या मागच्या त्या वळणाबद्दल बोलले. अभियंत्यांनी ऐकून घेतलं आणि प्रत्यक्ष जागेवर यायला तयार झाले, याचं मला बरं वाटलं. तिथे गेल्यावर त्यांनी एक फार चांगली गोष्ट केली. गुडघ्यावर बसून, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून रस्त्याकडे बघितलं. उभ्या केलेल्या गाड्यांच्या पलीकडचं काहीच दिसत नव्हतं. उभं राहिलं की रस्ता स्वच्छ दिसत होता, बसलं की पत्र्याची भिंत. वळणाजवळच्या गाड्यांची जागा काढून फुटपाथ पुढे आणायचा, एवढंच तिथे पुरेसं आहे असं त्यांचं मत पडलं. ज्यांच्या गाड्या तिथे उभ्या राहतात त्यांना ते मान्य नाही. त्यातल्या एका काकांच्या पत्नीला चालता येत नाही, गाडी दाराशीच लागते, आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे. त्यांच्यासाठी अगदी दाराजवळची एक जागा राखून बाकीच्या हलवाव्यात असं मी सुचवलं आहे. त्यांनी अजून होय म्हटलेलं नाही. दोन महिने शंकू ठेवून बघायला मात्र ते राजी झाले आहेत, आणि किती मुलं ओलांडतात ते आपण स्वतः खिडकीतून मोजणार असं त्यांनी सांगितलं आहे. मोजावं. त्यांच्या आकड्यावर मी विश्वास ठेवीन.

मोजण्याची आणखी एक गोष्ट मी मागितली आहे. शंकू लागण्याआधी आणि दोन महिन्यांनी, त्या रस्त्यावरच्या प्रत्येक घरात नकाशाची कोरी प्रत द्यायची. मोठ्यांना एक, मुलांना एक, आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्याशी बसून बोलून. आपलं घर कुठपासून कुठपर्यंत, एवढी एक रेघ काढायला सांगायची, ॲपलयार्डने सांगितली तशी. अभियंत्यांनी विचारलं की याचा अहवालात काय उपयोग, रेघेला कुठल्या रकान्यात बसवायचं. मी म्हणाले, पट्टी लावून लांबी लिहू, मीटरमध्ये.